नाव बदललेले गाव : रोनाल्ड ब्लाइथ यांचे ‘एकेनफील्ड’

रोनाल्ड ब्लाइथ यांनी इंग्लंडमधल्या खेड्याबद्दल दोन तऱ्हांनी लिहिले. १९६९ साली आलेल्या ‘एकेनफील्ड’ या पुस्तकात त्यांनी गावाचे आणि माणसांचीही नावे बदलली. पुढे १९९३ ते २०१७ या काळात ‘चर्च टाइम्स’ या साप्ताहिकात ‘वर्ड फ्रॉम वर्मिंगफर्ड’ हे सदर लिहिले. तिथे गाव खरे, नाव खरे. अभ्यासकांनी खरेखोटेपणावरून धारेवर धरले ते पहिल्या पुस्तकाला. सदराबद्दल तशी तक्रार माझ्या वाचनात नाही. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते नेमके याच्या उलट आहे.

आधी गावाच्या बातमीविषयी थोडे. इंग्लंडमध्ये गावची बातमी छापण्याची रीत चर्चच्या आधाराने वाढली. १८५९ मध्ये डर्बी इथल्या जॉन अर्स्किन क्लार्क या धर्मगुरूंनी ‘पॅरिश मॅगझीन’ काढले. आतला मजकूर सगळ्यांना सारखा. त्याभोवती प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, आपली स्थानिक पाने जोडायची. बाप्तिस्मे, लग्ने, दफने, फुलांचे प्रदर्शन, चर्चच्या छपरासाठीची वर्गणी. ही पाने मी आवडीने वाचतो; त्यांतून गावाचा वर्षभराचा क्रम कळतो. पण शेतमजुराला आठवड्याला किती शिलिंग मिळत होते, ते सहसा तिथे सापडत नाही. १८७४ मध्ये सफक आणि आसपासच्या परगण्यांत शेतकऱ्यांनी संघटनेत गेलेल्या मजुरांना कामावरून बंद केले. एवढी मोठी घटना, पण तिच्यासाठी वर्तमानपत्रे आणि संघटनेची कागदपत्रे धुंडाळावी लागतात. ज्या पानावर मालक आणि मजूर दोघांचीही नजर पडणार, ते पान सांभाळूनच लिहिले जाते.

‘एकेनफील्ड’ हे या पानाबाहेरचे गाव आहे. १९६६-६७ च्या हिवाळ्यात ब्लाइथ सफकमधल्या चार्सफील्ड आणि लगतच्या वस्तीत लोकांना भेटत होते. हा त्यांचाच मुलूख. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेला हा माणूस कोल्चेस्टरच्या ग्रंथालयात नोकरी करता करता वाचत गेला. (विद्यापीठाबाहेर राहून अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील सुखावतो, हे लपवत नाही.) पुस्तकात लोहार आहे, छप्पर शाकारणारा आहे, नांगऱ्या, घंटा वाजवणारा, परिचारिका, शिक्षक, न्यायदान करणारी बाई आणि शेवटी कबरी खणणारा. प्रत्येक जण आपल्या तोंडाने बोलतो. पहिल्या महायुद्धाआधीचे शेत आठवणारा म्हातारा मजूर सांगतो तेव्हा कळते, की सैन्यात भरती होणे हा अनेक पोरांसाठी आधी शेतातून सुटण्याचा मार्ग होता. तिथून तो गॅलिपोलीला पोहोचला. बड्या घरच्या बागेत राबणारा माळी सांगतो, की मालकांच्या नजरेस न पडणे हाही त्याच्या नोकरीचाच भाग होता. पुस्तकाला अनेकांनी हळवे म्हटले आहे. ही दोन निवेदने वाचून ते कसे म्हणता येते, हे मला उमगत नाही. नांगराच्या सरळ तासाचा अभिमान पुस्तकात भरपूर आहे, हे खरे. पण तो अभिमान बाळगणारा माणूस पोटाला किती कमी खात होता, हेही शेजारीच लिहिलेले आहे.

आता नाव बदलण्याचा प्रश्न. त्या काळी कित्येक शेतमजुरांचे घर नोकरीला जोडलेले असे. घर मालकाचे; काम गेले की घरही सोडायचे. आपल्याकडच्या सालगड्याला मालकाच्या मळ्यात खोली मिळते, तसाच हा प्रकार. या घरांतून मजुरांना सहज बाहेर काढता येऊ नये, असे संरक्षण देणारा कायदा १९७६ मध्ये झाला. म्हणजे ब्लाइथ वहीत टिपणे काढत होते तेव्हा तो नव्हता. अशा माणसाने मालकाबद्दल, मजुरीबद्दल आपल्या खऱ्या नावाने बोलावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे. मी त्या बदललेल्या नावांकडे लेखकाची लहर म्हणून पाहत नाही. त्या नावांच्या आडोशाला माणसे बोलली.

मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप मात्र सहज बाजूला सारता येत नाही. हे शब्द बोलणाऱ्याचे किती आणि ब्लाइथ यांचे किती, हे वाचकाला ताडून पाहता येत नाही. निरनिराळ्या वयांची, व्यवसायांची माणसे काही ठिकाणी एकाच घडीव लयीत बोलतात, हे मलाही खटकते. त्याच सफकमधल्या ब्लॅक्सहॉल गावावर जॉर्ज इवर्ट इव्हान्स यांनी १९५६ मध्ये लिहिलेले पुस्तक शेजारी ठेवले, तर तिथे अवजारांची, रीतींची नोंद अधिक भरवशाची वाटते. एखाद्या वर्षीची मजुरी सिद्ध करण्यासाठी मी ‘एकेनफील्ड’चा दाखला देणार नाही. पण मजुरीबद्दल माणसाच्या मनात काय साचले होते, ते मला याच पुस्तकात मिळते.

१९७४ मध्ये पीटर हॉल यांनी यावर चित्रपट केला. हॉल स्वतः सफकचे. कामे स्थानिक माणसांनी केली, संवाद बरेचसे त्यांनीच आयत्या वेळी रचले, आणि धर्मगुरूच्या भूमिकेत खुद्द ब्लाइथ आहेत. गाव सोडावे की राहावे, या पेचात अडकलेला तरुण आणि त्याच्या आजोबांची आठवण, एवढीच कथा.

सदराकडे वळतो. वर्मिंगफर्ड हे एसेक्सच्या सीमेवरचे, स्टूर नदीकाठचे गाव. चित्रकार जॉन नॅश यांचे तिथले जुने शेतघर १९७७ मध्ये ब्लाइथ यांच्याकडे आले आणि ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. सदरात पांढरी मांजर आहे, बाग आहे, चर्चचा सण आहे, जॉन क्लेअरसारखा मजूर-कवी आहे. गद्य इतके निवळलेले, की मी एकेक तुकडा पुरवून पुरवून वाचतो. पण ‘एकेनफील्ड’मधला माळी किंवा मजूर ज्या कडवटपणाने बोलतो, तो सूर इथे मला ऐकू येत नाही. तो कसा येईल? लेखक त्याच चर्चमध्ये उपासना चालवणारा, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचे ते रविवारी समोरच्या बाकांवर. ब्लाइथ काही लपवत होते, असा माझा आरोप नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्यांबद्दल, त्यांच्या देखत, खऱ्या नावांनिशी लिहिले की जे उरते ते हे. पॅरिशच्या पानांचेच एक फार देखणे रूप. २०२२ मध्ये, ब्लाइथ यांच्या शंभरीच्या वर्षी, यातले निवडक लेखन ‘नेक्स्ट टू नेचर’ या ग्रंथात आले. त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले. मात्र त्यातले गाव खरे आणि १९६९ चे गाव रचलेले, अशी वाटणी मला मान्य नाही.

पुढे क्रेग टेलर यांनी त्याच परिसरात जाऊन पुन्हा माणसांना बोलते केले. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘रिटर्न टू एकेनफील्ड’. चार्सफील्ड नकाशावर होतेच. तरी मुखपृष्ठावर आले ते नकाशावर नसलेलेच गाव.