होल्स्टनटोर : नगरवेशीची भिंत आणि तिच्यावरील लेख

उत्तर जर्मनीतील ल्यूबेक हे मध्ययुगात हान्सा या व्यापारी संघाचे प्रमुख नगर होते. त्याची पश्चिमेकडील वेस म्हणजे होल्स्टनटोर. होल्स्टाइन प्रांताकडे जाणाऱ्या वाटेवरून तिला हे नाव पडले. हिन्रिश हेल्मस्टेडे या नगरस्थपतीने १४६४ मध्ये सुरू केलेले तिचे काम १४७८ मध्ये पूर्ण झाले. नगराच्या स्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून या वेशीचे वर्णन केले जाते. परंतु हे वर्णन मध्ययुगाचे किती व एकोणिसाव्या शतकाचे किती, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

दोन गोल बुरूज, मधली इमारत आणि तिच्याखालून जाणारा मार्ग अशी या विटांच्या गॉथिक वास्तूची रचना आहे. बाहेरील भिंतीची जाडी सुमारे ३.५ मीटर, तर नगराकडील भिंतीची एक मीटरहूनही कमी आहे. बाहेरच्या बाजूस तोफांचे झरोके, तर आतल्या बाजूस खिडक्यांच्या रांगा आहेत. वेस शत्रूच्या हाती पडल्यास ती आतून लवकर पाडता यावी, असा या विषम जाडीचा अर्थ लावला जातो. जमीन दलदलीची असल्याने दक्षिण बुरूज बांधकामाच्या काळातच खचू लागला. सर्वांत खालचे झरोके आज जमिनीखाली गेले आहेत. येथून युद्धात एकही तोफ डागली गेली नाही.

आता वेशीवरील लेख पाहू. नगराकडील बाजूस ‘१४७७’ आणि ‘१८७१’ ही वर्षे व त्यांच्यामध्ये ‘ल्यूबेकची राजसभा व जनता’ या अर्थाची रोमन धर्तीची आद्याक्षरे आहेत. बाहेरील लॅटिन लेखाचा अर्थ ‘घरात एकोपा, बाहेर शांतता’ असा होतो. हे दोन्ही लेख १८७१ च्या जीर्णोद्धारातील आहेत. वेस पाडावी, अशी मागणी त्यापूर्वी नागरिकांनीच केली होती आणि १८६३ मध्ये केवळ एका मताच्या आधिक्याने ती वाचली होती. म्हणजे ज्या एकोप्याची ग्वाही लेख देतो, तो या वेशीबाबत नगरात नव्हता. शिवाय ‘१४७७’ हे पूर्णत्वाचे वर्षही चुकीचे आहे.

तात्पर्य, वास्तूवर कोरलेला लेख हा वास्तूइतकाच जुना असतो, हे गृहीतक तपासून घेतले पाहिजे. होल्स्टनटोरची भिंत पंधराव्या शतकातील नगराची सावधगिरी सांगते. तिच्यावरील लेख एकोणिसाव्या शतकाचा अभिमान सांगतो. दोन्ही साधने मोलाची आहेत; मात्र एकाची साक्ष दुसऱ्याच्या नावे नोंदविता येत नाही.