पिठाच्या पोत्यावरील ऋणनिर्देश

कृतज्ञता हा विषय कलेला मानवत नाही, असा आमचा फार दिवसांचा ग्रह होता. आणि तो बनण्यास आमची नोकरीच बव्हंशी कारण झाली. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या बैठकीत, एखाद्या बदलीच्या वेळी मिळालेले मानपत्र चौकटीत बसवून टांगलेले असेल. आमच्याही घरी एक आहे. त्यातील ‘कर्तव्यदक्ष’, ‘प्रजाहितैषी’ वगैरे विशेषणांनी आम्ही काही काळ सुखावलो होतो. पुढे एकदा त्याच कचेरीतील जुनी कपाटे आवरण्याचा प्रसंग आला, तेव्हा आमच्या आधीच्या अधिकाऱ्यास दिलेल्या मानपत्राची प्रत हाती लागली. नाव आणि तारीख सोडल्यास दोहोंत काना-मात्रेचाही फरक नव्हता! तेव्हापासून सामुदायिक कृतज्ञतेच्या कोणत्याही सुशोभित आविष्काराकडे आम्ही थोड्या संशयानेच पाहत आलो.

हा संशय निदान काही अंशी ढळला तो बेल्जियममधील पिठाच्या पोत्यांमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील स्त्रियांनी भरतकाम केलेल्या या पोत्यांची छायाचित्रे अलीकडे आम्हांस सावकाशीने पाहावयास मिळाली. कलेच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळालेले आम्ही तरी पाहिलेले नाही. ती युद्धाच्या आणि समाजसेवेच्या इतिहासात मोडतात, असे मानण्याचा प्रघात आहे. आमच्या मते हा प्रघात चुकीचा आहे.

हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. पाऊण कोटी वस्तीचा हा देश आपले बहुतांश धान्य बाहेरून आणीत असे. समुद्रावर इंग्लंडची नाकेबंदी, जमिनीवर जर्मनीचा अंमल. जिंकलेल्या प्रजेला पोसण्यास जर्मन सेनापती तयार नव्हते आणि शत्रूच्या हाती पडेल या भीतीने इंग्रज धान्य सोडीत नव्हते. या कात्रीतून मार्ग काढला तो हर्बर्ट हूव्हर या लंडनमध्ये राहणाऱ्या अमेरिकन खाण-अभियंत्याने. हेच गृहस्थ पुढे १९२९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले. १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मदतीचे मंडळ उभे राहिले आणि तटस्थ हॉलंडच्या रॉटरडॅम बंदरातून, कालव्यांच्या वाटेने, पीठ बेल्जियमच्या गावोगावी पोहोचू लागले.

पीठ आले ते सुती पोत्यांतून. मिनियापोलिस येथे पीठगिरण्यांच्या धंद्याचे एक साप्ताहिक निघत असे. त्याचे संपादक विल्यम एडगर यांनी गिरणीवाल्यांना मदतीचे आवाहन करताना एक व्यवहारी सूचना केली होती: पीठ ४९ पौंडांच्या मजबूत सुती पोत्यांत भरावे, म्हणजे रिकाम्या पोत्यांचे तेथील गृहिणीस आतले कपडे शिवता येतील. संसारी माणसाची ही सूचना म्हणजेच या साऱ्या कलाप्रकाराचे बीज होय. दुसरे कारण मात्र अगदी निराळे, आणि आमच्या वाचकांस विशेष ओळखीचे वाटेल. कापसापासून स्फोटके बनतात. म्हणून रिकाम्या पोत्यांचा चोख हिशेब ठेवणे मंडळास भाग होते. शिवाय त्याच छापील पोत्यांत हलके पीठ भरून कोणी विकील, हीही धास्ती होतीच. तेव्हा पोती मोजून, नोंदवून शिवणशाळांकडे, जोगिणींच्या मठांकडे आणि बेकार स्त्रियांसाठी उघडलेल्या कामशाळांकडे सोपवली गेली. सौंदर्याचा उगम साठानोंदवहीत व्हावा, हे आम्हांस तरी मोठे हृद्य वाटते.

आता प्रत्यक्ष पोत्यांकडे वळू. प्रत्येक पोत्यावर गिरणीचे नाव, गावाचे नाव, पिठाचा छाप आणि वजन ठळक रंगांत छापलेले असे. बेल्जियमच्या स्त्रियांनी त्यांचे अनेक परींनी रूपांतर केले. कोणी त्यांचे मुलांचे झगे केले, कोणी उशांचे अभ्रे, मेजपोस, हातपिशव्या. कोणी कडेला लेस लावली, कोणी बेल्जियमच्या ध्वजाचे काळा, पिवळा, तांबडा हे रंग आणि अमेरिकेचे तारे शेजारी शेजारी गुंफले. बेल्जियमचा सिंह आणि अमेरिकेचा गरुड यांची तर पुनरावृत्ती कंटाळा यावा इतकी आहे. ‘आभारी आहोत’ अशा अर्थाचे शब्द फ्रेंच, फ्लेमिश आणि क्वचित मोडक्या इंग्रजीतही भरलेले दिसतात. काही पोती नामवंत-अनामिक चित्रकारांनी रंगवली. यांतील पुष्कळशी धर्मादाय निधीसाठी विकली गेली वा भेट म्हणून अमेरिकेस गेली, आणि आज आयोवा संस्थानात हूव्हर यांच्या जन्मगावी, वेस्ट ब्रँच येथील संग्रहालयात अशी शेकडो पोती जतन केलेली आहेत.

यांतील सर्वच कलाकृती आहेत असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. चित्रकारांनी रंगवलेली पोती आम्हांस सर्वांत निकृष्ट वाटली. त्यांना पोत्याचा विसर पडला आहे. कापडाऐवजी कागद असता तरी ते चित्र तसेच निघाले असते. गरुड तितकाच भव्य आणि तितकाच निर्जीव झाला असता. सिंह-गरुडांच्या भरताविषयीही थोडेसे असेच म्हणावे लागेल. तेथे आमचे मानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर उभे राहते.

खरे मोल आहे ते निराळ्याच पोत्यांचे. त्यांत भरणारणीने नवे चित्र काढलेलेच नाही. गिरणीचा जो छाप पोत्यावर होता त्यावरूनच, अक्षरामागून अक्षर, तिने सुई चालवली आहे. कॅन्ससमधील कोणा गिरणीचे नाव, पिठाच्या जातीचे नाव, ‘४९ पौंड’ हा आकडासुद्धा रेशमाने भरलेला! ज्या भाषेतले ते शब्द होते ती भाषा तिला येत असण्याचा संभव थोडाच. म्हणजे तिला अर्थ न कळणारी अक्षरे तिने अर्थ कळल्यापेक्षाही अधिक काळजीने गिरवली. छापखान्यातील यंत्राने एका क्षणात उमटवलेल्या अक्षरावर एका स्त्रीचे काही दिवस खर्च झाले. हाच या कलेचा गाभा आहे, असे आम्हांस वाटते. आपल्याकडे ‘उतराई होणे’ म्हणतात, त्यात घेतलेले तितकेच परत करण्याची कल्पना आहे. येथे पीठ परत करणे शक्यच नव्हते. ते खाल्ले गेले होते. शिल्लक होते ते पोते, आणि वेळ. युद्धाने बेकार केलेल्या माणसाजवळ वेळेखेरीज काय असते? तीच एक वस्तू त्या स्त्रियांनी पोत्यात भरून परत धाडली.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. या स्त्रियांना कामाची मजुरी मिळत असे. लेस विणणाऱ्या हजारो स्त्रियांचा धंदा परदेशी सुताअभावी बसला होता. मंडळाने इंग्लंडची परवानगी काढून सूत आणवले आणि तयार लेस बाहेर नेण्याची सोय केली. आत गेलेल्या सुताचे वजन आणि बाहेर आलेल्या लेसचे वजन जुळले पाहिजे, असा त्यात करार होता. मग मजुरी घेऊन भरलेली कृतज्ञता ही कृतज्ञता कशी? दात्याच्या खर्चाने दात्याची स्तुती, हा तर भाटांचा धंदा झाला. शिवाय गिरणीचा छाप रेशमाने भरणे म्हणजे एका व्यापारी पेढीची फुकटची जाहिरातच नव्हे काय?

आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. मिंधेपणा आणि कृतज्ञता यांच्यातील सीमारेषा फार पुसट आहे, आणि काही पोती तिच्या पलीकडे गेलेली आहेत यात शंका नाही. परंतु मजुरीने टाके विकत घेता येतात. कोणत्या ठिकाणी किती टाके घालावे याचा निर्णय विकत घेता येत नाही. ज्या पोत्यावर चार ओळींचे भरत पुरेसे होते तेथे भोवतीची कोरी जागाही गाठीच्या बारीक टाक्यांनी भरून काढलेली दिसते, तेव्हा तो जादा भाग कोणत्याही हजेरीपटात बसत नाही. समीक्षकाने पाहावयाचा तो हा जादा भाग.

दुसरी एक उणीव आम्हांस अधिक टोचते. या मदतीचा खर्च मुख्यतः भागला तो खाजगी देणग्यांतून नव्हे. आधी इंग्लंड व फ्रान्स यांच्या आणि १९१७ नंतर अमेरिकेच्या सरकारी खजिन्यांतून बहुतेक पैसा आला. आलेले पीठ घरोघर वाटले ते बेल्जियममधीलच राष्ट्रीय समितीने. तिचे अध्यक्ष अर्नेस्ट सोल्व्हे, कार्यभार एमिल फ्रांकी यांच्याकडे, आणि हाताखाली गावोगावच्या समित्यांत राबणारे हजारो बेल्जियन लोक: शिधापत्रिका तपासणारे, रांगा लावणारे, तक्रारी ऐकणारे. खजिन्याला छाप नसतो आणि शिधावाटप करणाऱ्या कारकुनाचे नाव पोत्यावर छापलेले नसते. म्हणून आम्ही पाहिलेल्या पोत्यांत त्यांचे आभार मानणारे एकही नव्हते. ज्याचे नाव छापलेले, त्याचेच नाव भरले गेले. दुष्काळी कामांवर हजेरी घेतलेल्या आमच्या वाचकांना यावर भाष्य नको.

याच संदर्भात बंगालची आठवण येते. १९४३ च्या दुष्काळातही कला जन्मली. झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवरील उपाशी माणसे आणि कावळे काळ्या शाईत रेखाटले. चित्तप्रसाद यांनी मेदिनीपुर जिल्हा पायी हिंडून जी चित्रे व वृत्ते पुस्तकरूपाने काढली, त्याच्या बहुतेक प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. ती आरोपाची कला आहे, आणि कलेच्या दृष्टीने ती पोत्यांहून श्रेष्ठ आहे, हे कबूल केले पाहिजे. पण ती उपाशी माणसाविषयीची कला आहे. काढणारा कलावंत होता, उपाशी माणूस तिचा विषय. पोत्यांच्या बाबतीत खुद्द खाणाऱ्यानेच सुई हाती घेतली. हा फरक लहान नाही. मदत वेळेवर पोहोचली म्हणून तो शक्य झाला, हेही विसरता येत नाही.

आणि आपल्याकडे? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात मिलो आली, दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोचे नाव काढताच त्या पिढीची माणसे अजून तोंड वाकडे करतात. सुकडीविषयी मात्र मवाळपणे बोलतात. त्या मदतीवर कोणी कशिदा काढला नाही, यात नवल नाही. मुळात आपल्या घरात आभार मानण्याची चाल नाही. आईने वाढलेल्या भाकरीबद्दल कोणी ‘आभारी आहे’ म्हणाले तर ती रागावेल. आपली स्त्री जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते. तिच्या धावदोऱ्यात आजीच्या लुगड्याचा काठ, मुलाच्या फाटक्या सदऱ्याचा तुकडा एकत्र येतात आणि कोणाचेही नाव कुठे लिहिले जात नाही. गोधडी आणि पोते शेजारी ठेवली तर आम्ही गोधडीच उचलू, पण त्यात आमच्या लहानपणाचा पक्षपात किती आणि परीक्षण किती, हे निवडून काढणे आम्हांस साधलेले नाही.

जाता जाता एक तक्रार. आम्हांस पाहावयास मिळालेल्या सर्व छायाचित्रांत पोती समोरच्या अंगानेच दाखवली आहेत. भरतकाम जाणणारी कोणतीही बाई कापड हाती येताच आधी उलटून पाहते: गाठी कोठे मारल्या, दोरा कोठे संपला, कोठे दुसऱ्या रंगाचा जोडावा लागला. रेशीम मिळेनासे झाले ते कोणत्या अक्षरापाशी, हे तेथेच कळेल. या पोत्यांची मागची बाजू छापणारा एखादा ग्रंथ निघाला, तर आम्ही तो खचित मागवू.