आक्काची वज्री

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने पुस्तकाचा, नाटकाचा किंवा फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनाचा समाचार घ्यावा, असा रिवाज आहे. यंदा तो थोडा मोडायचे मी ठरवले आहे. मला लिहायचे आहे ते सहा गुरुवारांविषयी. एका मोठ्या संग्रहालयाने एकट्यादुकट्या वृद्धांच्या मनःस्वास्थ्यासाठी ऑनलाइन चित्रकलेचे सहा वर्ग भरवले. ते वर्ग मी पाहिले. पण शहरात बसून नव्हे, तर मलकापुरात, माझ्या थोरल्या बहिणीच्या माजघरात, तिच्या पाठीमागे चटईवर बसून. नाटकाचे परीक्षण तिसऱ्या रांगेतून होते, तसे हे चटईवरून झालेले परीक्षण आहे. त्या संग्रहालयाचे नाव मी घेत नाही. कारण जे दोष सांगणार आहे ते एकट्या त्याचे नव्हेत.

मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातले गाव. कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघाले की आंबा घाटाच्या अलीकडे लागते. १८४४ साली इंग्रजांनी विशाळगड पाडल्यावर तिथल्या जहागिरीचा कारभार इकडे आला, ही त्याची इतिहासातली ओळख. पाऊस असा, की चार महिने दांडीवरचे लुगडे वाळत नाही. आक्का याच गावात नांदली. २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत दाजी गेले. त्यानंतर तिने गुडघ्यांचे निमित्त पुढे केले आणि हळूहळू घराबाहेर पडणे सोडले, मग बोलणेही. विचारले तर उत्तर देई, पण आपण होऊन शब्द नाही. शेवटी भाचीने पुण्याहून या वर्गात तिचे नाव घातले. टपालाने रंगपेटी, कागद आणि दोन पेन्सिली आल्या, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता भाचीने दिलेला टॅब पाटावर, भिंतीला टेकवून ठेवला गेला.

‘चित्रे काढून कुठे दुःख हलके होते का?’ असे कोणी विचारील. ही शंका मलाही होती. पण जगातल्या शहाण्या माणसांनी तिचा पाठपुरावा केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यास चाळून कला आणि आरोग्य यांच्या नात्यावर अहवाल काढला. कॅनडातल्या माँट्रियल शहरी २०१८ पासून डॉक्टर आपल्या रोग्याला औषधाबरोबर संग्रहालयाची विनामूल्य भेटही लिहून देऊ लागले. त्याच शहरात १०६ वृद्धांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना तीन महिने, आठवड्यातून एकदा, घरबसल्या पडद्यावर संग्रहालय दाखवले आणि नंतर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला. उरलेल्यांना काहीच नाही. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की पहिल्या निम्म्यांचे एकटेपण कमी झाले आणि प्रकृतीही सुधारली. तेव्हा कल्पनेतच खोट आहे, असे म्हणण्याची सोय नाही. २०२० साली टाळेबंदीत जगातल्या दहापैकी नऊ संग्रहालयांची दारे बंद झाली होती. त्या काळात आपल्याकडेही मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासारख्या संस्थांनी आपले कार्यक्रम पडद्यावर आणले. दार बंद झाले म्हणून खिडकी उघडली, आणि साथ सरल्यावर ती पुन्हा लावून घेतली नाही, हे चांगलेच झाले.

आता खिडकीतून काय दिसले ते सांगतो.

पहिले तीन गुरुवार मला, स्पष्टच सांगायचे तर, सोसवले नाहीत. शिकवणारी मुलगी गोड होती. तिने डोळे मिटायला सांगितले, श्वास मोजायला सांगितले आणि मग म्हणाली, “आता तुमच्या मनात जो रंग येईल तो कागदावर सोडा. इथे काहीच चुकत नाही.” मागे सतारीची धून लावलेली. तिसऱ्या वर्गात विषय होता ‘आनंद’. आक्काने कागद पुढ्यात घेतला, कुंचला पाण्यात बुडवला आणि तो तसाच धरून बसली. पाणी ठिबकून कागदाला पोपडे आले. शेवटी सगळ्यांनी आपापले कागद पडद्यासमोर धरले, तेव्हा तिनेही आपला कोरा, ओला कागद धरला. मुलगी म्हणाली, “वा आजी, किती सुंदर!” आमच्याकडचे चित्र तिला गोठलेले दिसत होते की काय, कोण जाणे. पण आक्काने कागद खाली ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलली:

“हिनं बगितलंच न्हाय रं.”

या चार शब्दांपुढे माझे सारे परीक्षण फिके आहे. पण टीकाकाराला फोड करून सांगावी लागते. जिथे काहीच चुकत नाही, तिथे काही बरोबरही येत नाही. न पाहता केलेली स्तुती दुःखी माणसाला आणखी एकटे पाडते, कारण आपल्याकडे पाहणारे कोणी नाही अशी त्याला खात्रीच पटते. शिवाय मनातला रंग कागदावर सोडायला संग्रहालय कशाला हवे? ते कोणत्याही विरंगुळा केंद्रात होईल. संग्रहालयापाशी एकच अशी चीज असते, जी दुसऱ्या कोणापाशी नाही: वस्तू, आणि ती न्याहाळण्याची धीराची सवय. तीन आठवडे या संग्रहालयाने आपल्या कपाटातली एकही वस्तू बाहेर काढली नव्हती. घरात धान्याची कणगी भरलेली असून पाहुण्याला नुसते सरबत पाजावे, तसे हे झाले.

चौथ्या गुरुवारी माणूस बदलला. आता एक पोक्त गृहस्थ आले. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ एक पितळी वस्तू पडद्यावर दाखवली. वर मोर, खाली चपटी बैठक. “ही काय आहे, कोणी ओळखेल का?” कोणी पेपरवेट म्हणाले, कोणी देवघरातले म्हणाले. आक्का उठली. गुडघ्यावर हात देऊन, भिंत धरून, आतल्या खोलीत गेली. भांडी हलल्याचे आवाज आले. परत आली तेव्हा तिच्या हातात काळवंडलेली वज्री होती. तिच्यावर मोर नव्हता, पोपट होता, आणि त्याची चोच तुटलेली होती. ती तिने पडद्यासमोर धरली.

“वज्री हाय ती. पाय घासायची.”

गृहस्थ खूश झाले. म्हणाले, “बरोबर! आणि ही वरची नक्षी पाहा किती नाजूक आहे.” आक्काने वज्री उलटी केली. “नक्षी ऱ्हाऊ द्या. काम खालच्या अंगाचं. हितं खरबरीत असतंय. पायाला भेगा पडल्या की दिवाळीच्या आंगुळीला ह्येनं घासायचं.” आणि मग, जणू वाक्य संपलेच नव्हते अशी, पुढे म्हणाली, “आमच्या मालकांच्या टाचा लई फुटायच्या. शेतातनं आलं की.” चार-पाच घरांतली माणसे चार-पाच चौकोनांतून ऐकत होती. एका चौकोनातल्या म्हाताऱ्या बाईने पदर डोळ्यांना लावला. गृहस्थ मध्ये बोलले नाहीत, सतारही वाजली नाही. मग ते हलकेच म्हणाले, “आता ही वज्री काढू या. आधी खालची बाजू.”

आक्काने काढली. पोपट बदकासारखा झाला. गृहस्थांनी तो नीट पाहिला आणि सांगितले, “मान आखूड झाली, आजी. वज्री हातात धरून बोटाने मान मोजा.” आक्काने बोटाने मोजली, खोडरबर घेतले आणि मान पुसली. त्या दुपारी तिने तीन कागद खर्ची घातले. संध्याकाळी चिंच लावून वज्री घासली, तेव्हा तिचे पितळ मला पहिल्यांदा दिसले.

वज्रीवरून मला पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवणे साहजिक आहे. तिथे वज्र्या आहेत, अडकित्ते आहेत, दिवे आहेत. वीस हजारांहून अधिक वस्तू, बहुतेक घरांतल्या रोजच्या वापराच्या. हा संग्रह जमवणारे दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच गेला, आणि त्यांनी आपल्या संग्रहाला त्याचे नाव दिले. संग्रहालय आणि मनःस्वास्थ्य यांचे नाते आज नव्याने सापडल्यासारखे आपण बोलतो; पण पुण्यातल्या या वाड्याच्या पाटीवरच ते लिहिलेले आहे. केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी डोळे मिटून श्वास मोजले नाहीत. ते लोकांच्या अडगळीच्या खोल्यांत शिरले, गंजलेली वस्तू उचलली, ती काय आहे, कोणी वापरली, हे विचारले. दुःखाला त्यांनी काम दिले, आणि ते काम दुसऱ्यांच्या हातांनी झिजलेल्या वस्तूंकडे पाहण्याचे होते.

दुसरे उदाहरण औंधचे. तिथे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभे केले, मुंबई-पुण्याला नव्हे, तर साताऱ्याकडच्या आडगावी. हेच बाळासाहेब सूर्यनमस्कारांचे कडवे प्रचारक आणि स्वतः चित्रकार. माझ्या मते त्यांच्या लेखी या वेगळ्या गोष्टी नव्हत्या. अंगाची तालीम असते तशी डोळ्याचीही असते. आणि कोल्हापूरच्या माणसाला तालीम म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तालमीत वस्ताद असतो. तो ‘वा, सुंदर’ म्हणत नाही. पाय चुकला तर चुकला म्हणतो, आणि म्हणूनच त्याचा हात पाठीवर पडला की पोराला तो खरा वाटतो. ऑनलाइन वर्गांनी औषधाची बाटली व्हायचे की तालीम, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. पहिले तीन गुरुवार बाटलीचे होते. पुढचे तीन तालमीचे.

पडद्याची उणीव मी झाकणार नाही. पडद्यावर अंगठी आणि हत्ती सारख्याच मापाचे दिसतात. वजन कळत नाही, धातूचा गारवा कळत नाही, मागची बाजू कोणी दाखवील तेव्हाच दिसते. पण त्या दुपारी ही उणीव कशी भरून निघाली पाहा: दाखवलेली वज्री काचेपलीकडे होती, पण तिची बहीण आक्काच्या मुठीत होती. ज्या घरात वस्तू आहेत, त्या घरी संग्रहालयाने नुसते चित्र पाठवले तरी पुरते. त्याला बोलणारा माणूस मात्र जोडून हवा. आणि पडद्याचा एक गुण मोठाच. संगमरवरी पायऱ्या, पहारेकरी, तिकिटाची खिडकी आणि चपला कुठे काढाव्यात ही धास्ती, हे सगळे गळून पडते. आक्का आपल्या घरात होती. म्हणूनच ती संग्रहालयाच्या माणसाला वज्री उलटी करून दाखवू शकली.

माझी खरी तक्रार सहाव्या गुरुवारानंतरची आहे. वर्ग संपले. आभार झाले, ‘तुम्हाला बरे वाटले का’ अशी एक प्रश्नपत्रिका आली, भाचीने ती भरली. पुढच्या गुरुवारी चार वाजता मी बाहेरून आलो, तर आक्का टॅब पाटावर मांडून, पेन्सिलीला टोक काढून बसलेली. समोर काळा पडदा. “आज उशीर झाला वाटतं त्यांस्नी,” ती म्हणाली. मी काय सांगणार? योजना सहा आठवड्यांची होती, पैसा तेवढाच होता, हिशेब बरोबर होता. पण सवय लावून उठून जाणे हा काही लोकसंपर्क नव्हे. एकाकी माणसाच्या दारी जाणाऱ्याने, आपण निघालो की तिथे कोण येईल, याची तजवीज आधी केली पाहिजे. दूरच्या मोठ्या संग्रहालयाने सहा आठवडे सांभाळावे आणि मग तो हात जवळच्या संग्रहालयाच्या, गावच्या वाचनालयाच्या, शाळेच्या चित्रकला शिक्षकाच्या हाती द्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची २०१५ साली निघालेली फिरत्या संग्रहालयाची गाडी शाळांपर्यंत जाते; तशी एखादी गाडी माजघरांपर्यंत का जाऊ नये?

ती तजवीज मग मीच केली, माझ्या ऐपतीप्रमाणे. पाऊस उघडल्यावर आक्काला घेऊन कोल्हापूरला गेलो. टाउन हॉलमधल्या संग्रहालयात ती उभ्या जन्मात गेली नव्हती. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीतून निघालेल्या वस्तू तिथे आहेत. १९४५-४६ साली तिथे उत्खनन झाले. त्यांत समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची एक लहानशी मूर्ती आहे. सातवाहनांच्या काळी रोमशी व्यापार चाले, तेव्हा ती दर्या ओलांडून इथवर आली. मी हे सगळे सांगितले. आक्का वाकून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “पाठ दिसंना ह्येची.” मग कपाटाला वळसा घालून पलीकडे गेली. गुडघ्यांचे नाव तिने काढले नाही.

आता गुरुवारी चार वाजता शेजारच्या दोघी येतात. एकीने रोवळी आणली होती, दुसरीने सासूच्या वेळचा अडकित्ता. शिकवायला कोणी नाही. आक्काच मान आखूड झाली की सांगते. याला मनःस्वास्थ्य म्हणायचे की नाही, ते प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ठरवावे. रात्री ती अजून दिवा जळत ठेवून झोपते. दाजींच्या आठवणीने मधेच गप्पही होते.

नरकचतुर्दशीला मी मलकापुरास जाणार आहे. वज्री न्हाणीघरात काढून ठेवल्याचा निरोप आला आहे, आणि माझ्या टाचांना भेगा आहेत की नाहीत, याची चौकशीही.