भार कोणी वाहावा? : 'हँडिकॅप' या शब्दाचा विचार

सिल्वासा व भोवतालच्या खेड्यांत मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली या भाषा शेजारी-शेजारी नांदतात. तथापि शारीरिक व्यंगाचा विषय निघाला की, भाषा कोणतीही असो, 'हँडिकॅप' हा इंग्रजी शब्द हमखास कानी पडतो. उपदेशकांनीही तो पारखून घेणे अगत्याचे आहे.

'हातात टोपी घेऊन भीक मागणारा तो हँडिकॅप', अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती निराधार आहे. मूळ शब्दप्रयोग 'टोपीत हात' असा असून तो अदलाबदलीच्या एका खेळाचा होता. दोघांच्या वस्तूंच्या किमतीतील फरक पंच ठरवी. मग दोघेही पणाच्या टोपीत हात घालून तो एकदम बाहेर काढीत व सौदा मान्य की अमान्य हे दर्शवीत. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत १६६० साली या खेळाचा उल्लेख आहे. अठराव्या शतकात हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला. तेथे सामना बरोबरीचा व्हावा म्हणून पंच सरस घोड्यावर अधिक वजन लादी. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर आजही अशा शर्यती होतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र हा शब्द देहव्यंगास लावला जाऊ लागला. जो भार बलवानाने वाहावयाचा, तो दुर्बलाच्या नावाला चिकटला! आमचे 'अपंग' व 'विकलांग' हे शब्दही उणिवेचीच मोजदाद करतात. २०१५ साली पंतप्रधानांनी सुचविलेला 'दिव्यांग' हा शब्द आदराचा खरा. परंतु गौरवाच्या नावाने भार हलका होत नाही, हे 'हरिजन' या नावाच्या अनुभवाने आपणांस शिकविले आहे. ज्यांना ते नाव दिले गेले त्यांच्यापैकी अनेकांनी ते नाकारून 'दलित' हा शब्द स्वीकारला.

पवित्र शास्त्र मफीबोशेथाचे पांगळेपण लपवीत नाही, गोड शब्दांनी झाकीतही नाही. ते त्याला दावीद राजाच्या पंक्तीस नित्य बसलेला दाखविते. रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायाच्या आरंभी पौल सशक्तांवरच अशक्तांच्या दुर्बलतेचा भार ठेवतो. शर्यतीचा जुना नियम व प्रेषिताची आज्ञा येथे एकत्र येतात.

म्हणून ज्याला ज्या शब्दाने हाक मारावयाची, तो शब्द प्रथम त्यालाच विचारावा. आणि मंदिराच्या पायऱ्या चढू न शकणाऱ्यास 'तुम्ही घरीच प्रार्थना करा' असे सांगण्यापूर्वी, तो भार मंडळीने कोणाच्या पाठीवर ठेवला आहे, हे आपण स्वतःस विचारावे.