एकनाडी, रक्तगट आणि मामाची मुलगी

धाराशिव जिल्ह्यात सोयरीक जुळवताना अनेक घरांत आधी पत्रिका पाहतात. ३६ गुणांपैकी ८ गुण एकट्या नाडीचे. वधूवरांची नाडी एक निघाली की संततीला धोका, असे सांगून चांगले स्थळ मोडले जाते. ‘एकनाडी म्हणजे एकच रक्तगट’ असा वैज्ञानिक खुलासा शिकलेली माणसेही करतात. हा दावा आपण तपासून पाहू.

नाडी ठरते ती जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून. नक्षत्रे २७, नाड्या तीन; प्रत्येकीच्या वाट्याला ९ नक्षत्रे. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. म्हणजे त्या काळात जगभर जन्मलेल्या सर्व बालकांची नाडी एकच! रक्तगट मात्र आईवडिलांच्या जनुकांवरून ठरतो. काही मिनिटांच्या अंतराने जन्मलेल्या जुळ्यांची नाडी बहुधा एकच असते, पण रक्तगट वेगळे असू शकतात. शिवाय पतिपत्नीचा रक्तगट एक असल्याने संततीला अपाय होत नाही. काळजी घ्यावी लागते ती आई आरएच निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असताना, म्हणजे गट भिन्न असताना! त्यावरही इंजेक्शन आहे.

नाड्या तीनच असल्याने साधारण दर तीन स्थळांमागे एक स्थळ असे विनाकारण बाद होते.

उलट, खऱ्या धोक्याकडे पत्रिकेचे लक्षच नसते. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्रात उत्तरेच्या व दक्षिणेच्या नातेप्रथा एकत्र येतात, हे दाखवले. चुलत बहिणीशी लग्न निषिद्ध, मामाची मुलगी मात्र हक्काची! आनुवंशशास्त्राला हा भेद मान्य नाही. दोन्ही नात्यांत सरासरी एक अष्टमांश जनुके समान असतात. त्यामुळे थॅलेसेमियासारख्या आजाराचे दोघेही वाहक असण्याचा संभव वाढतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मूल आजारी निघाले की बोल मात्र सुनेच्या पायगुणाला.

हळद, गोंधळ, तुळजापूरचे दर्शन यांना आमचा विरोध नाही. त्यांनी कोणाचे स्थळ मोडत नाही. शिक्षकांनी आनुवंशिकता शिकवताना पंचांग वर्गात आणावे, मुलांकडूनच नाड्या काढून घ्याव्यात आणि माहीत असलेल्या रक्तगटांशी ताडून पाहाव्यात. उद्या याच मुलांची लग्ने ठरतील. तेव्हा नाडीऐवजी रक्ताची तपासणी करून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला, तर तो धडा सार्थकी लागला म्हणायचे.