कारण नाही, की दिसत नाही?

समीक्षा म्हटली की आपण बायका कथा-कादंबरीच पुढे ओढतो. मला मात्र आज एका प्रश्नावलीबद्दल बोलायचं आहे. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मोजण्याची ही भारतीय मोजपट्टी सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेनं २००९ मध्ये तयार केली. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० किंवा वर गेली की स्वमग्नता. निदानाला, दाखल्याला तिचा मोठा आधार आहे, हे खरंच.

पण तिच्यातल्या एका बाबीशी मी अडते: उघड कारण नसताना मूल अस्वस्थ होतं का? उघड कोणाला? आमच्या देवासच्या घरांत कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, पाहुण्यांचा गलका आपल्या कानांवर येतो नि विरतो; एखाद्या स्वमग्न मुलाला तो सोसवत नाही. कारण असतं, आपल्याला दिसत नाही एवढंच.

आपल्या मुली-सुना आता मानसशास्त्र शिकतात. त्यातली कोणी संशोधन सहायक होऊन अशा किशोरांच्या मनाचा अभ्यास करायला धार-देवासच्या घरी गेली, तर ही मोजपट्टी तिला पुरणार नाही. ती वागणं मोजते, दुःख नाही. आणि चिंता, नैराश्य या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतं. आई म्हणेल, ‘तसा खुश असतो हो.’ ते लिहून घे, बाई. मग मुलालाही विचार. बोलत नसेल तर चित्र दाखवून, मोबाइलवर टाइप करायला देऊन. उत्तराला अर्धा तास लागला तर लागू दे. वहीत ‘कारण नाही’ लिहिण्याआधी एवढं तरी व्हायला हवं.