लेण्यांच्या खडकाची परीक्षा

अजिंठा-वेरूळच्या लेण्यांविषयी लिहिताना भंगलेला प्रत्येक स्तंभ मूर्तिभंजकाच्या माथी मारावयाचा व खडक मात्र वज्रासारखा म्हणून वाखाणावयाचा, ही रीत आम्हांस सदोष वाटते. खडकाची परीक्षा चिपेवरून होत नाही. चिपेत सांधे नसतात, डोंगरात असतात. दख्खनचा काळा पाषाण लाव्हारसाच्या थरांचा. निवताना तो आकसून तडकला, आणि कित्येक थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा राहिला.

फळ्यांत आवळलेली पोथी दबते ती मुख्यत्वे पानांमधील फटी मिटल्यामुळे. डोंगराचेही तसेच. सांध्याच्या कडा एकमेकींत बसलेल्या असल्या तर भाराने तो घट्ट होतो. पण कडांच्या उंचवट्यांहून जाड माती आत भरली की पाषाण पाषाणास भिडत नाही. भार मातीवर येतो, आणि पाणी मुरताच ती मऊ पडते. बिनियाव्स्की यांच्या १९७३ च्या खडक-वर्गीकरणात सांध्यांचे अंतर, त्यांची स्थिती व पाणी यांस निरनिराळे गुण आहेत ते याचसाठी.

मूर्तिभंजन झालेच नाही, असे आमचे म्हणणे नाही. परंतु पोथीत कसरीचे छिद्र व लेखकाचा प्रमाद आपण वेगळे धरतो. तसाच घणाचा घाव व सांध्याची फट यांतील भेद पाहिल्यावाचून कोणावर आरोप ठेवू नये.